आधी बीपीचा पट्टा नीट बांधा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आरोग्य, समाजस्वास्थ्य आणि एआय यांची सांगड घालणारे संशोधन आता विद्यापीठांत चांगलेच रुजू लागले आहे. सांगली-साताऱ्याला त्याची गरज आहे. मिरजेत तज्ज्ञ डॉक्टरांची वाण नाही, पण जत-आटपाडीच्या वाडीवरच्या माणसाला तिथवर यायचे तर दिवसाची मजुरी बुडते. आधी कोणाला पाठवायचे हे सांगणारे एआय साधन हवेच. मात्र ते ज्या आकड्यांवर शिकणार, ते आकडे घेतले कसे, हा प्रश्न सहसा सगळ्यात शेवटी विचारला जातो. घोळ तिथेच होतो.

बीपीचेच घ्या. हाताने फुगवायच्या यंत्रावर रेघा 2-2 मिमीच्या असतात. म्हणजे शेवटचा अंक 0, 2, 4, 6 किंवा 8 येणार आणि प्रत्येक अंक साधारण 20 टक्के वेळा दिसायला हवा. शिबिराच्या रजिस्टरात 10 पैकी 8 नोंदी 120/80, 130/80 अशा शून्यावर संपत असतील, तर बीपी अंदाजाने लिहिला आहे असे समजावे. रजिस्टर हाती आले की पहिली तपासणी हीच करावी. तिला 5 मिनिटे लागतात आणि पुढची 2 वर्षे वाचतात. पट्ट्याच्या आतला फुगा दंडाच्या घेराला निदान 80 टक्के वेढणारा हवा. जाड दंडाला लहान पट्टा बांधला की बीपी उगाच वाढलेला दिसतो. अर्धा तास आधी चहा-तंबाखू बंद, 5 मिनिटे पाठ टेकून बसवणे, दंड छातीच्या उंचीवर, मग मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजणे. माणसामागे 8 ते 10 मिनिटे जातात. सकाळच्या 2 तासांत 100 जण उरकणाऱ्या शिबिरात हे होणे शक्यच नाही.

साखरेच्या तपासणीचे दुखणे नमुन्याच्या प्रवासात आहे. साध्या नळीतले रक्त तसेच ठेवले तर पेशी साखर खात राहतात आणि ती तासाला 5 ते 7 टक्के उतरते. उपाशीपोटी 126 पासून मधुमेह धरतात. माडग्याळहून मिरजेला पोहोचेपर्यंत 2 तास गेले की त्याच 126 चे 110 च्या आसपास होतात आणि रुग्ण कागदावर सुटतो. करड्या झाकणाच्या फ्लोराइडच्या नळीतही पहिला तास-दोन तास ही घट पुरती थांबत नाही. नळी बर्फात ठेवून अर्ध्या तासात सेंट्रिफ्यूजमध्ये (रक्तातल्या पेशी वेगळ्या करणाऱ्या यंत्रात) फिरवणे हा खात्रीचा उपाय. एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची चाचणी) करून सुटका होईल असेही नाही, कारण लोहाच्या कमतरतेने तो आकडा खोटाच वर जातो, आणि आपल्याकडे बायकांत रक्त कमी असणे किती सर्रास आहे ते प्रत्येक आशाताईला ठाऊक आहे.

रुग्णाचे बोलणे यंत्राला कळण्याचा, म्हणजे भाषेचा प्रश्न तर संगणक विभागाच्या एकट्याच्या आवाक्यातला नाहीच. बाई म्हणते ‘अंगावरून जातंय’. पांढरे की लाल, हे विचारल्याशिवाय डॉक्टरही पुढे जात नाही; यंत्र मात्र शब्दशः भाषांतर करून मोकळे होते. ‘कावळा शिवला’ म्हटले की पाळी हे कळायला गावात वावरलेला माणूस लागतो. म्हणून मराठी आणि समाजकार्य विभागांना सुरुवातीपासून बरोबर घ्या. आशाताईंसोबत बसून शब्दसूची करा आणि प्रत्येक शब्दापुढे विचारायचा पुढचा प्रश्नही लिहा.

अशा साधनांबाबत होणाऱ्या ‘90 टक्के अचूक’ या दाव्याचा हिशेब करून पाहावा. 1000 जणांत 20 आजारी आहेत आणि साधन आजारी व निरोगी दोघांनाही 90 टक्के वेळा बरोबर ओळखते असे धरा. ते 18 रुग्ण पकडेल, पण 98 निरोगी माणसांनाही मिरजेचा रस्ता दाखवेल. शिवाय चाचणी कुठे झाली हे विचारावे. वाळवा-पलूसच्या नोंदींवर शिकवून त्याच गावांत तपासलेले साधन चांगलेच दिसणार. माण, पाटण, जावळीत, जिथली एकही नोंद त्याने पाहिलेली नाही, तिथे ते तपासा.

अमेरिकेतल्या एका साधनाने उपचारावरचा खर्च म्हणजेच आजार असे धरले होते. जास्त आजारी असलेले कृष्णवर्णीय रुग्ण त्यात मागे पडले, हे 2019 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकातून पुढे आले. हंगामात साखर कारखान्याजवळच्या कोपीवर (पाचटाच्या झोपडीत) राहणारी ऊसतोड टोळी दवाखान्यावर किती खर्च करते? अशा हिशेबात ती ठणठणीत ठरेल.

आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) 2023 मध्ये आरोग्यातील एआयसाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वे दिली आहेत. संमतीपत्र मराठीत असावे आणि ते वाचून दाखवावे, एवढे तरी विद्यापीठांनी पाळावे. 140/90 च्या वर आलेल्या माणसाला शोधनिबंध छापून येईपर्यंत थांबवू नये. त्याच दिवशी चिठ्ठी देऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. आणि साधारण 1000 वस्तीमागे एक आशाताई असते. हे काम तिच्या रोजच्या कामात ढकलू नका. तिच्या वेळेचे पैसे प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात स्वतंत्र लिहा.

— सार्वजनिक आरोग्य व संख्याशास्त्राचे काही अध्यापक, सांगली