आल्याची गाडी आणि दीडशे गुणांचा पेपर : शालेय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

सप्रेम नमस्कार.

मी सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यात राहतो. आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचा निदेशक म्हणून २७ वर्षं शिकवलं. निवृत्तीनंतर प्रौढ निरक्षरांसाठीच्या ‘उल्लास’ नवभारत साक्षरता कार्यक्रमात स्वयंसेवक झालो. स्वयंपाकपाणी उरकून साडेसातला बाया समाजमंदिरात जमतात. अकरा बाया आणि एक पुरुष, असा आमचा वर्ग.

गेल्या हंगामात एकदा फळ्यावर २२००० भागिले ५०० असं लिहिलं. साठीच्या एका मावशींना ते काही केल्या जमेना. शून्यं कुठली खोडायची यातच त्या अडकल्या. शेवटी पाटी बाजूला ठेवायला सांगितली आणि विचारलं, “मावशी, आल्याच्या गाडीला बावीस हजार मिळाले, तर किलोला काय पडलं?” त्या लगेच म्हणाल्या, “चव्वेचाळीस.” आमच्याकडं आल्याची गाडी म्हणजे ५०० किलो. गाडीला हजार म्हणजे किलोला दोन रुपये; मग बावीस दुणे चव्वेचाळीस. फळ्यावरचा भागाकार तोच होता. मावशी तो जन्मभर बांधावर करत आल्या आहेत.

चारच दिवसांनी त्या व्यापाऱ्याची पट्टी, म्हणजे माल विकल्याच्या हिशेबाची चिठ्ठी, घेऊन आल्या. वजन, दर, हमाली, तोलाई, उचल वजा, खाली हातात आलेली रक्कम. पैसे कमी आलेत हे त्यांनी तोंडी हिशेबानं ताडलं होतं. कोणत्या ओळीत कमी आलेत, तेवढं मात्र त्यांना दाखवता येत नव्हतं. व्यापाऱ्याशी बोलायचं तर बोट नेमक्या ओळीवर ठेवावं लागतं. मंत्रिमहोदय, माझं सगळं म्हणणं त्या एका बोटाबद्दल आहे.

हे काही कोरेगावचंच नवल नाही. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या पाच मुलांचा एक छोटा अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. गिऱ्हाईक होऊन विचारलेले हिशेब त्या मुलांनी सुमारे ९८ टक्के बरोबर सोडवले. तसेच हिशेब कागदावर नुसत्या आकड्यांत मांडून दिले, तेव्हा सुमारे ३७ टक्केच बरोबर आले. आणि एवढ्या लांब तरी कशाला जायचं? आपल्या माण तालुक्यातल्या म्हसवडच्या बायांनी बँकेसाठी अर्ज केला, तेव्हा त्या निरक्षर आहेत म्हणून रिझर्व्ह बँकेनं तो नाकारला होता. त्या अक्षरं शिकल्या, परत गेल्या आणि म्हणाल्या, कोणत्याही मुदलावरचं व्याज आम्हाला विचारा, तुमच्या अधिकाऱ्यांनाही कॅल्क्युलेटरशिवाय काढू द्या. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. आमच्या आज्या-पणज्या पावकी, निमकी, दिडकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढे म्हणत मोठ्या झाल्या. ते गणित अजून लोकांच्या तोंडात आहे. आम्ही शिकवताना मात्र एकपासून, कोऱ्या पाटीवर सुरुवात करतो.

उल्लासची परीक्षा वाचन, लेखन आणि संख्याज्ञान अशी प्रत्येकी ५० गुणांची, एकूण १५० गुणांची असते. १७ मार्च २०२४ च्या राज्यातल्या पहिल्या परीक्षेला माणसं शेतातली कामं सोडून रविवारी केंद्रावर आली, याचं मला फार मोल वाटतं. पण प्रमाणपत्र मिळालं की ते माणूस आपल्या हिशेबातून बाहेर पडतं. पुढं त्याला पट्टी वाचता आली का, हे कुणी विचारत नाही.

उलट बाजूही मी जवळून पाहिली आहे. माझ्याकडं आयटीआयला येणारी मुलं दहावी पास, म्हणजे सरकारदरबारी पक्की साक्षर. बारीक मापं घेण्याचं व्हर्नियर नीट धरायची, रीडिंग बरोबर घ्यायची. आणि त्यातली कितीतरी ०.४५ हे ०.५ पेक्षा मोठं सांगायची, कारण ४५ हे ५ पेक्षा मोठे! मग जॉब, म्हणजे घडवलेला भाग, पास की रिजेक्ट, इथं घोटाळा. अशा मुलाला एमआयडीसीत ‘स्किल नाही’ म्हणून परत पाठवतात. त्याला अडवलं होतं पाचवी-सहावीच्या दशांश अपूर्णांकानं, आणि ते त्याच्या कोणत्याच गुणपत्रिकेवर दिसत नव्हतं.

२०११ च्या जनगणनेत सातारा जिल्हा सुमारे ८३ टक्के साक्षर ठरला. घरातलं एक माणूस सगळ्यांची माहिती सांगतं, प्रगणक लिहून घेतो. वाचून कुणी दाखवत नाही. ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेची प्रौढांच्या कौशल्यांची पाहणी वेगळ्या रीतीनं होते. पाहणी करणारा घरी येतो आणि १६ ते ६५ वयाच्या माणसाला रोजच्या व्यवहारातली कामं प्रत्यक्ष करायला देतो. डिसेंबर २०२४ मध्ये ३१ देश-प्रदेशांचे निकाल आले. त्या श्रीमंत देशांतही सरासरी १८ टक्के प्रौढ वाचन, गणित आणि प्रश्न सोडवणं या तिन्हींत अगदी तळाशी निघाले. दशकभरापूर्वीच्या फेरीशी ताडून पाहिलं, तर वाचनात ठळक सुधारणा फक्त फिनलंड आणि डेन्मार्कमध्ये दिसली. म्हणजे शाळेत कमावलेलं मोठेपणी टिकतंच असं नाही. भारत या पाहणीत नाही.

माझी मागणी एका तालुक्यापुरती आहे. फलटणच्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेला हे काम द्या. एका तालुक्यातली थोडी घरं चिठ्ठ्या टाकून निवडा आणि १५ वर्षांपुढच्या माणसांसमोर बाजाराची पट्टी, वीजबिल, गोळ्यांचं पाकीट, बचत गटाच्या कर्जाचं हप्त्याचं कार्ड ठेवा. तोंडी काय येतं आणि लिहून काय येतं, याची वेगवेगळी नोंद करा. हप्त्याच्या कार्डाचा मी मुद्दाम आग्रह धरतो. ३० हजारांचं कर्ज ‘फ्लॅट १२ टक्क्यांनी’, म्हणजे वर्षभर पूर्ण मुद्दलावर व्याज धरून, वर्षभरासाठी घेतलं, तर महिन्याला २,८०० रुपये भरावे लागतात. मुद्दल दर महिन्याला कमी होत जातं हे धरलं, तर खरा दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास पडतो. आमच्या वर्गात हे उलगडलं, त्या दिवशी बाया साडेनऊपर्यंत उठल्या नाहीत.

आणि निघालेले निकाल कौशल्य विकास विभागाच्या टेबलावरही जाऊ द्या. उल्लासच्या पाच घटकांत व्यवसाय कौशल्य आहे, पण आमच्या समाजमंदिरापर्यंत ते अजून आलेलं नाही. कार्यक्रमाची मुदत २०२७ मध्ये संपते आहे, म्हणून घाई करतो आहे.

घाईला घरचंही एक कारण आहे. १९५९ साली ग्राम शिक्षण मोहीम याच सातारा जिल्ह्यात सुरू झाली आणि पुढं राज्यभर गेली. माझी आजी तेव्हा अक्षरं शिकली. गावात ग्रामगौरव समारंभ झाला, त्यात तिनं सगळ्यांसमोर वाचून दाखवलं होतं. पुढं घरात वाचायला काही आलं नाही, कुणी विचारायलाही आलं नाही. मला कळू लागलं, तेव्हा तिच्याकडं फक्त सही उरली होती.

त्या मावशींची पट्टी मी वहीत उतरवून ठेवली आहे. पाहणीचा पहिला प्रश्न म्हणून ती पाठवायला तयार आहे.

कळावे,
आपला नम्र,
एक निवृत्त शिल्प निदेशक
ता. कोरेगाव, जि. सातारा