वाकलेला इंग्रज आणि वीस कलमं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी जून महिना जवळ आला की शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाची चित्रं सगळीकडे झळकू लागतात. त्यातल्या एका माणसाबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. टोपी काढून सिंहासनापुढे कमरेत वाकलेला तो इंग्रज, हेन्री ऑक्झेंडन. यंदा आमच्या तालुक्यातल्या एका कार्यक्रमात मुलांनी राज्याभिषेकाचं नाटुकलं बसवलं होतं. त्यात ऑक्झेंडन आला, वाकला, नजराणा दिला आणि टाळ्यांच्या गजरात निघून गेला. निवेदकाने त्याची ओळख 'इंग्लंडच्या राजाचा वकील' अशी करून दिली. मुलांचा यात काहीच दोष नाही. आपण मोठ्यांनीच त्यांना एवढंच सांगत आलो आहोत.

ऑक्झेंडन इंग्लंडच्या राजाने पाठवलेला नव्हता. त्याला मुंबईचा गव्हर्नर जेराल्ड ऑंजियर याने ईस्ट इंडिया कंपनीच्या वतीने पाठवलं होतं. पोर्तुगीज राजकन्येच्या हुंड्यात मिळालेलं मुंबई बेट दुसऱ्या चार्ल्सने १६६८ मध्ये वर्षाला १० पौंड खंडावर कंपनीला देऊन टाकलं होतं. म्हणजे रायगडावर आलेला हा माणूस व्यापारी होता आणि एक जुनं येणं वसूल करायला आला होता. हे कळलं म्हणून महाराजांचं मोठेपण तसूभरही कमी होत नाही. मला तर ते यातूनच जास्त दिसतं.

ते येणं होतं राजापूरचं. १६६० मध्ये पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा पडला असताना राजापूरच्या वखारीतले इंग्रज तोफगोळे घेऊन तिथे गेले आणि आपलं निशाण लावून त्यांनी गडावर मारा केला. स्वतःला व्यापारी म्हणवणाऱ्यांनी एका राज्याच्या किल्ल्यावर तोफा डागल्या होत्या. पुढच्याच वर्षी महाराजांनी राजापूरची वखार लुटली आणि हेन्री रेव्हिंग्टन व त्याच्या सोबत्यांना पकडून किल्ल्यांवर अटकेत ठेवलं. ते १६६३ मध्ये सुटले. त्यानंतर नुकसानभरपाईची बोलणी वर्षानुवर्षं चालली. १६७२ मध्ये स्टीफन अस्टिक येऊन गेला, १६७३ मध्ये थॉमस निकल्स. महाराजांना तोफा आणि दारूगोळा हवा होता, इंग्रज त्याला बगल देत होते. इंग्रजांना पैसे हवे होते, आणि महाराजांना ते द्यायची घाई नव्हती. लुटीला तेरा वर्षं झाल्यावर ऑक्झेंडन निघाला.

त्याची रोजनिशी कंपनीच्या कागदपत्रांत टिकली आहे आणि ती मुळातून वाचण्यासारखी आहे. मे महिन्याच्या उन्हात तो चौलमार्गे रायगडाच्या पायथ्याच्या पाचाडला पोचला, तर महाराज प्रतापगडावर भवानीच्या दर्शनाला गेलेले. पाचाडला तंबूत उकाड्याने जीव नकोसा झाला, तेव्हा गडावर जायची परवानगी मिळाली याचाच त्याला आनंद झाला. दरबाराच्या दिवशी त्याने सिंहासनाच्या दोन्ही बाजूंना सोनेरी भाल्यांच्या टोकांवर लावलेली चिन्हं पाहिली. एकीकडे मोठ्या दातांच्या माशांची सोन्याची मुंडकी, घोड्यांच्या शेपट्या, आणि एका भाल्यावर सोन्याचा तराजू. दाराशी दोन लहान हत्ती आणि दोन देखणे घोडे उभे होते. हे प्राणी एवढ्या अवघड वाटेने वर आणले तरी कसे, याचं त्याला नवल वाटलं. या इंग्रजांना बकऱ्याचं मांस पुरवणारा म्हातारा खाटीकही, इतकं मांस खाणारी माणसं असतात तरी कशी हे बघायला गड चढून वर आला होता. हा प्रसंग त्याच काळात मुंबई-सुरतेकडे असलेला इंग्रज डॉक्टर जॉन फ्रायर याने नोंदवला आहे. एवढ्या सोहळ्यात एका साध्या खाटकाची आठवण कागदावर राहिली, हे वाचून मला फार आनंद झाला.

या सगळ्यात माझ्या लेखी सर्वांत महत्त्वाचा माणूस आहे नारायण शेणवी. इंग्रजांचा दुभाषी. एप्रिलमध्येच तो गडाकडे येऊन महाराजांचे न्यायाधीश निराजीपंत यांच्याशी बोलून गेला होता, आणि दरबारात हिऱ्याची अंगठी दुरून उंच धरून दाखवली तीही त्यानेच. ती पाहून महाराजांनी इंग्रजांना सिंहासनाच्या पायाशी बोलावलं. दोन्ही बाजूंचे शब्द त्याच्या तोंडून गेले. शाळेच्या पुस्तकात त्याला एक ओळ तरी हवी.

आता ऑक्झेंडनशी झालेल्या तहाबद्दल. कलमं वीस. राजापूरच्या नुकसानीपोटी १०,००० होन (सोन्याची नाणी) ठरले. ते रोख एकरकमी मोजून द्यायचे नव्हते. बरीचशी भरपाई मालाच्या खरेदीतून आणि राजापूरच्या जकातीतून वळती व्हायची होती. राजापूर, दाभोळ, चौल आणि कल्याण इथे वखारींना परवानगी, आयात मालावर अडीच टक्के जकात. जंजिऱ्याच्या सिद्दीशी सलोखा करावा अशी इंग्रजांची फार इच्छा होती. निराजीपंतांनी ती बोलणी सुरू होताच मोडून काढली.

महाराजांनी हरकत घेतली ती दोन कलमांवर. पहिलं कलम नाण्याचं. इंग्रजांनी नुकतीच मुंबईत टाकसाळ काढली होती आणि आपलं नाणं स्वराज्यात चालावं असं त्यांचं म्हणणं होतं. ज्या राजाच्या स्वतःच्या नावाचा होन आणि शिवराई त्याच दिवसांत पाडली जात होती, त्याच्याकडे ही मागणी आली. उत्तर असं आलं की कोणतंही नाणं चालायला आमची बंदी नाही, पण रयतेला तोटा होईल असं नाणं घ्यायची सक्ती आम्ही तिच्यावर करणार नाही. तुमचं नाणं मोगलांच्या आणि इतर राजांच्या नाण्याइतकं कसाचं आणि वजनाचं असेल तर ते आपोआप चालेल. दुसरं कलम फुटलेल्या गलबतांचं. किनाऱ्याला लागलेल्या गलबताचा माल परत मिळावा, अशी इंग्रजांची मागणी होती. कोकणचा जुना रिवाज तसा नाही, आणि तुम्हाला ही सूट दिली तर फ्रेंच, वलंदेज (डच) सगळेच मागतील, असं त्यांना सांगण्यात आलं.

मी स्वतः आयात मालाच्या कागदपत्रांचं काम करण्यात अर्धं आयुष्य घालवलं. त्यामुळे हे दोन जबाब वाचताना माझे डोळे भरून आले होते, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. राज्याभिषेकाची धामधूम चालू असताना, तुळेसाठी सोनं मोजलं जात असताना, त्या गडावर कोणीतरी बसून परक्या नाण्याचा कस आणि रयतेचा तोटा यांचा हिशेब करत होतं. जहांगीराच्या दरबारात सर थॉमस रो प्रत्यक्ष इंग्लंडच्या राजाचा वकील म्हणून सुमारे तीन वर्षं राहिला, पण त्याला हवा तसा तह काही मिळाला नाही, फर्मानांवर समाधान मानावं लागलं. इथे एका व्यापारी कंपनीशी कलमवार, लेखी करार झाला, आणि तो करताना ही माणसं फक्त व्यापारी नाहीत हे आपल्या लोकांना पक्कं माहीत होतं. पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्र' या राजनीतीवरच्या ग्रंथात ते स्पष्टच आलं आहे. टोपीकर म्हणजे युरोपीय व्यापारी इतर सावकारांसारखे नाहीत, त्यांच्या पाठीशी राज्यकर्ते आहेत, म्हणून त्यांना समुद्रकिनारी जागा देऊ नये, असा त्याचा आशय. ही समज पन्हाळ्यावर पडलेल्या गोळ्यांपासून अनुभवातून आलेली होती.

माझी मागणी मोठी नाही. पाचाडला, जिथे ऑक्झेंडनचा तंबू होता त्या गावात, या वीस कलमांचा मराठी सारांश देणारा एक फलक लागावा. त्यावर नारायण शेणवी आणि निराजीपंत यांची नावं असावीत. गड चढण्याआधी थांबणाऱ्या मुलांना दहा मिनिटं तो वाचता येईल. आणि पुढच्या वर्षी नाटुकलं बसवणाऱ्या शिक्षकांना विनंती, की ऑक्झेंडनला वाकू द्या, पण त्यानंतर त्याला निराजीपंतांसमोर बसवा आणि नाण्याच्या कलमावर दोघांना बोलू द्या. तो प्रवेश लिहून द्यायला मी तयार आहे.

आपला,
एक वाचक, महाड तालुका