मारव्याच्या कव्हरात नाझिया

रामबाग, इंदूर

प्रिय बाळ्या,

पत्र नाही म्हणून ज्या शिव्या घालायच्या त्या उधार ठेव. गुडघा आहे तसाच, साखर आटोक्यात. 'डिस्को दीवाने'ची रेकॉर्ड सापडली! कुठे? नानांच्या कपाटात, अमीर खाँसाहेबांच्या मारवा रागाच्या रेकॉर्डच्या कव्हरात.

घर रिकामं करतोय. मारव्याला हात लावायचा म्हणून आधी हात धुऊन आलो (शिस्त मुरलीय), रेकॉर्ड ओढली तर नाझिया हसन. लेबलावर तू बॉलपेनने खरडलेला 'बा' अजून आहे. १९८१ साली वर्गणी काढून राजवाड्याजवळून आणली होती, आणि दुसऱ्याच गाण्याला नानांनी सुई उचलली, "भांडी घासताय का रे?" मग ती गायबच. तू पळवलीस असं मी कधी म्हणालो नव्हतो हं, ते पिंट्या म्हणाला. सराफ्यात तू त्याच्यावर गराडूचा दोना फेकलास आणि शर्ट माझा गेला.

तर आत एक चिठोरं निघालं. नानांचं अक्षर: "'लेकिन मेरा दिल' – बरे. ठेका फार."

बरे! भल्याभल्या गवयांना ज्यांनी 'ठीक'च्या वर चढू दिलं नाही, त्यांनी पंधरा-सोळा वर्षांच्या पोरीला 'बरे' दिलं. कधी ऐकली असेल रे? आपण शाळेत, आई भजनाला, तेव्हा दार लावून? एकदाच, की रोज? २००० साली ती गेली, पस्तिशीची, तेव्हा पेपर घडी घालत नाना म्हणाले होते, "लहान होती." मला वाटलं, सहज म्हणाले.

काल लावली. संगीतकार बिड्डूचा तो ठेका अजून छातीत बसतो भिया, आणि वर तिचा पातळ, जरा नाकातला, रियाजाचा वाराही न लागलेला आवाज. नानांना यात कुठे 'बरे' वाटलं असेल ते शोधत तेच गाणं पुन्हा पुन्हा लावलं. सूनबाई डोकावली, "बाबा, बरं वाटतंय ना?" तिला काय सांगणार? आईला विचारायचा धीर होत नाही. तिला ठाऊक नसेल तर एक, आणि ठाऊक असेल तर मग मीच तेवढा बाहेरचा. मला शेजारी बसवून ऐकली असती तर काय बिघडलं असतं रे?

असो. निवृत्तीचं कळलं, अभिनंदन. बडोद्याचा फ्लॅट मिळाला का? वहिनींना नमस्कार.

मारव्याची रेकॉर्ड मात्र कुठेच नाही. 'डिस्को'चं रिकामं कव्हर तू फोटोसाठी नेलं होतंस ना, त्यात एकदा हात घालून बघ.

तुझा,
दिल्या