फडके हौदापाशी भेटलेल्या चावीवाल्या काकांना

काका, सा. न. वि. वि.

नाव घालू नका म्हणालात. "पेन्शनीतला माणूस मी, उगाच कुणी चौकशीला यायचं." म्हणून नुसतं काका. पण पत्र मात्र सगळ्यांसमोर लिहितेय, कारण त्या दिवशी तुम्ही सहज एक वाक्य बोलून गेलात ते डोक्यातून जात नाहीये.

लेकीचा पाचवीचा प्रकल्प होता, 'माझ्या शहराचा वारसा'. अर्धा वर्ग शनिवारवाडा करणार हे ठरलेलंच. हिने बसमध्ये कंडक्टरची 'फडके हौद, फडके हौद' अशी हाक ऐकली आणि म्हणाली, मी हौद करते. मला वाटलं, बरं झालं, एक फोटो काढला की सुटलो. चौकात उतरून एका दुकानदाराला विचारलं तर तो म्हणे, "हौद? अहो, हाच की फडके हौद!" आणि पायाखालच्या डांबराकडे बोट. दारावरची बेल किती वेळा वाजवावी याचीसुद्धा पाटी लावणारं हे गाव, पण त्या चौकात हौदाबद्दल सांगणारी एकही पाटी मला तरी दिसली नाही.

शेजारच्या टपरीवर तुम्ही बशीत चहा ओतत होतात. म्हणालात, "कुठला पाहिजे? काळा हौद, बदामी हौद, सदाशिव पेठेतला... हौदांना पुण्यात तोटा नाही, दिसत नाहीत एवढंच."

मग टेबलावर सांडलेल्या चहात बोट बुडवून तुम्ही कात्रजचा तलाव काढलात. तिथून एक लांब ओली रेघ, थेट बिस्किटांच्या बरणीपर्यंत. बरणी म्हणजे शनिवारवाडा. १७५० च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी बांधून घेतलेला दगड-चुन्याचा नळ, आठ-दहा किलोमीटरचा, सगळा जमिनीखालून. ना पंप, ना मोटार. कात्रज उंचावर, गाव खाली, तेवढ्या उतारावर पाणी चालत यायचं. मधे मधे गाळ खाली बसायची सोय, आणि कोंडलेली हवा बाहेर पडायला दगडी उच्छ्वास. 'उच्छ्वास' हा शब्द लेकीला इतका आवडला की तिने तो वहीत तीनदा लिहिला. दुरुस्तीच्या कामात तरुणपणी तुम्ही एकदा त्या नळात उतरला होतात. बॅटरीच्या उजेडात गुळगुळीत गिलावा, घोट्याएवढं पाणी, आणि बाहेर मे महिना असताना आत अंगावर काटा येईल असा गारवा. "वाकायला लागलं नाही, पोरी. ताठ उभा होतो मी." हे सांगताना तुम्ही टपरीच्या बाकावरही ताठ झालात.

१९६१ ची १२ जुलै तुम्हाला आठवते. पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही फुटलं आणि घरोघरचे नळ कोरडे पडले. तुम्ही आठ वर्षांचे. आईच्या मागे कळशी घेऊन हौदावर रांगेत उभे राहिलात.

लेकीने विचारलं, "म्हणजे पूर्वी सगळेच तिथे पाणी भरायचे?"

तुम्ही बशी खाली ठेवलीत. "नाही बाळ. माझ्या पणजीला तिथे घागर लावता आली नसती."

पुढे काही न बोलता रिक्षा थांबवलीत आणि आम्हाला गंज पेठेत नेलंत, फुलेवाड्यात. पैसेही देऊ दिले नाहीत. १८६८ साली जोतिरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, हे मी शाळेत वाचलं होतं, दोन मार्कांसाठी. पण पेठापेठांतून हौद असलेल्या गावात एका माणसाला स्वतःच्या घरातला हौद उघडावा लागला, याचा अर्थ त्या अंगणात उभी राहिल्यावर मला लागला. नळ बांधणं मोठंच, त्यात वाद नाही. मला विचाराल तर १८६८ चं काम जास्त अवघड होतं. तिथे उतार आपल्या बाजूने नव्हता.

काका, मी मूळची लातूरची. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून आगगाडीने आमच्याकडे पाणी आलं तेव्हा मी माहेरी होते. घागरीचा नंबर लावणं म्हणजे काय, दुसऱ्याच्या हातातल्या चावीकडे बघत बसणं म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको. म्हणून तुम्ही पालिकेत चावीवाले होतात हे कळल्यावर मी जरा सावरूनच बसले. छातीएवढी लोखंडी चावी, पहाटे तीनला उठून ही चावी सोड, ती बंद कर, पावसाळ्यात खड्ड्यात हात घालून व्हॉल्व्ह चाचप. बत्तीस वर्षं. आणि मग ते वाक्य, हसत हसत: "पाणी आलं नाही की माणसं घरापर्यंत यायची. आलं म्हणून कुणी आलं नाही कधी."

तर मी आलेय. उशिरा, आणि पत्रातून.

प्रकल्प झाला. फडके हौदाच्या फोटोची चौकट तिने रिकामीच ठेवली, खाली लिहिलं: 'इथे पाणी होतं.' बाईंनी फोटो राहिला म्हणून मार्क कापले. मी भांडायला निघाले होते, लेकीनेच अडवलं. तुम्ही औषधाच्या पाकिटामागे काढून दिलेला नळाचा नकाशा तिने चिकटवलाय, आणि खाली माहिती देणाऱ्याच्या जागी 'चावीवाले काका' एवढंच. तुमचा शब्द पाळलाय.

सातारा रस्त्याच्या बाजूचा एक उच्छ्वास दाखवायचं तुम्ही कबूल केलंय, पाऊस उघडला की. लेक रोज आभाळाकडे बघते. रविवारी टपरीवर येतोय आम्ही दोघी. या वेळी रिक्षाचे पैसे आमच्याकडे.

तुमची,
बशीतला चहा सांडवणाऱ्या मुलीची आई