निवृत्तीच्या एक वर्ष आधी आमच्याशी बोला : केंद्रीय श्रममंत्र्यांना नागपूरहून खुले पत्र

प्रति,
माननीय केंद्रीय श्रम व रोजगार मंत्री,
श्रमशक्ती भवन, नवी दिल्ली

महोदय,
सविनय नमस्कार.

हिंगणा एमआयडीसीतल्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात मी चौतीस वर्षं नोकरी केली. शेवटची अकरा वर्षं टूलरूमला सुपरवायझर होतो. ३१ मे २०२३ रोजी, वयाच्या साठाव्या वर्षी निवृत्त झालो. गेटजवळ शाल-श्रीफळ झालं, भिंतीवरचं घड्याळ मिळालं, चार जण चांगलं बोलले. त्या दिवसापर्यंत, आणि त्या दिवशीही, हाती येणाऱ्या पैशाचं काय करायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून स्वतःचं काय करायचं, हे एकाही जबाबदार माणसानं मला समोर बसवून सांगितलं नव्हतं. या पत्राचा विषय तेवढाच आहे.

ईपीएस-९५ च्या, म्हणजे पीएफसोबतच्या १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेच्या, किमान पेन्शनची मागणी तुमच्या टेबलावर आधीपासून आहे आणि ती रास्त आहे. १ सप्टेंबर २०१४ पासून किमान पेन्शन १,००० रुपये आहे, ती आजही तेवढीच. पुढे आपल्या महाराष्ट्राचे राज्यपाल झालेल्या भगतसिंह कोश्यारींच्या अध्यक्षतेखालच्या राज्यसभेच्या याचिका समितीनं २०१३ मध्येच ३,००० ची शिफारस केली होती. या पेन्शनला महागाई भत्ता नाही. त्यासाठी आमची माणसं वर्षानुवर्षं आंदोलनं करताहेत आणि मीही त्यांच्यासोबत बसलो आहे. पण आज मी जे मागतोय त्याला सरकारच्या तिजोरीतून फारसं काही जाणार नाही. कामगाराला वेळेवर माहिती मिळावी, एवढंच मागतोय.

माझंच उदाहरण देतो. अठ्ठावन्न वर्षं पूर्ण झाल्यावर ऑफिसातून निरोप आला की पेन्शनचा फॉर्म भरून टाका. नोकरी अजून दोन वर्षं होती. मी फोटो स्टुडिओत पत्नीसोबत जोडीचा फोटो काढला, १०-डी फॉर्म भरला, सही केली. पेन्शन सुरू झाली ३,८०० च्या आसपास. इतकी कमी का, हे नंतर कळलं. पेन्शनपात्र पगाराला नोकरीच्या वर्षांनी गुणायचं आणि सत्तरनं भागायचं, हे तिचं सूत्र. तो पगारही प्रत्यक्षातला नाही. २०१४ पर्यंतच्या नोकरीसाठी कमाल ६,५०० आणि त्यानंतरच्या नोकरीसाठी कमाल १५,००० धरतात.

आणि हेही नंतरच कळलं की अठ्ठावन्नला पेन्शन घेण्याची सक्ती नसते. साठपर्यंत पुढे ढकलली तर दर वर्षाला चार टक्के वाढ मिळते. पगार सुरू असताना मला त्या पेन्शनची गरजच नव्हती. थांबलो असतो तर महिन्याला तीनशे रुपये जास्त मिळाले असते, जन्मभर. तीनशे रुपयांत माझ्या रक्तदाबाच्या गोळ्यांचा महिना निघतो. माझ्या माघारी पत्नीला माझ्या पेन्शनच्या निम्मी मिळणार, म्हणजे तिचाही वाटा माझ्या त्या सहीनं कमी झाला. फॉर्म देणाऱ्या माणसाला हा नियम माहीत नव्हता. त्याला मी दोष देत नाही. त्यालाही कोणी शिकवलं नव्हतं.

खरा फटका पुढे बसला. पीएफचे एकोणीस लाख आणि ग्रॅच्युइटीचे साडेपाच लाख माझ्या बचत खात्यात जमा झाले आणि चौथ्या दिवशी बँकेतून फोन आला. जून लागला होता तरी पाऊस नव्हता, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. तशा उन्हात तो तरुण जयताळ्याला माझ्या घरी आला. कूलरसमोर बसवला, पत्नीनं पन्हं दिलं. गोड बोलत होता. "काका, एवढी रक्कम सेव्हिंगला काऊन ठेवता? एफडीसारखंच आहे, पण व्याज जास्त, वरून विमा फुकट." टॅबवर बोटानं सही घेतली, मोबाइलवर आलेला ओटीपी मी वाचून दाखवला आणि तीन लाख रुपये गेले. महिन्याभरानं जाडजूड पाकीट आलं. आत सगळं इंग्रजी. ते मी गोदरेजच्या कपाटात साड्यांखाली ठेवून दिलं, एफडीची पावती ठेवावी तसं.

पुढच्या मे महिन्यात मेसेज आला, दुसरा हप्ता भरा, तीन लाख. ती सात वर्षं दरवर्षी तीन लाख भरायची विमा पॉलिसी होती. चौदा हजार महिना उत्पन्न असलेल्या माणसाला विकलेली. मी हप्ता भरला नाही, भरूच शकत नव्हतो. एका हप्त्यावर काहीही परत मिळत नाही, असं उत्तर आलं. घेतलेली पॉलिसी ठरावीक मुदतीत परत करता येते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. आता ती मुदत ३० दिवसांची आहे. पण कपाटात ठेवलेल्या पाकिटाला मुदतीचा काय उपयोग?

माझ्या मनाला आजही लागतं ते वेगळंच आहे. मला घाई करायची काही गरजच नव्हती. निवृत्तीनंतर पीएफची रक्कम लगेच काढली नाही तरी तीन वर्षं तिच्यावर व्याज सुरू राहतं. २०२३-२४ साठी तो दर ८.२५ टक्के होता. म्हणजे पैसा जिथं चौतीस वर्षं सुरक्षित होता तिथंच आणखी वर्षभर राहू दिला असता, शांतपणे चार ठिकाणी विचारलं असतं, तर तो पोरगा माझ्या घरी आलाच नसता. मोठी रक्कम खात्यात पडली की ती बँकेला दिसते, नातेवाइकांना दिसते, लेआउटवाल्यांनाही कुठून तरी दिसते. "थांबा, घाई करू नका," हे दोन शब्द तुमच्या खात्याच्या शिक्क्यानिशी माझ्या हाती पडले असते तर तीन लाख वाचले असते.

मी एकटा नाही, महोदय. आमच्या प्रेसशॉपमधल्या एकानं सगळा पीएफ उमरेड रोडकडच्या एका लेआउटमध्ये घातला. प्लॉटला ना एनए, म्हणजे बिगरशेती परवानगी, ना आरएल, म्हणजे आमच्या नागपुरातलं प्लॉटच्या मंजुरीचं पत्र. आज विकायला काढला तर कोणी कागद बघायलाही तयार नाही, आणि डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी पोराकडे हात पसरावा लागला. दुसऱ्यानं बारा टक्क्यांच्या आशेनं एका पतसंस्थेत ठेव ठेवली. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा संरक्षण असतं, ४ फेब्रुवारी २०२० पासून. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं. पंचवीस-तीस वर्षं मशिनवर एक दशांश मिलिमीटरची चूक न करणारी ही माणसं आहेत. पैशाच्या बाबतीत त्यांना कोणी ड्रॉइंगच दिलं नाही.

मला वाट सापडली ती आमच्या पोस्ट ऑफिसातल्या खिडकीवर. तिथल्या बाईंनी स्वतःहून ज्येष्ठ नागरिक बचत योजना समजावली. एप्रिल २०२३ पासून तिची मर्यादा ३० लाख झाली आहे, मी खातं उघडलं तेव्हा व्याज ८.२ टक्के होतं आणि उघडताना असलेला दर पाच वर्षं बदलत नाही. मी पंधरा लाख ठेवले. दर तिमाहीला ३०,७५० रुपये येतात. दोन लाख घराच्या गळक्या स्लॅबला लागले. उरलेले दोन बँकांत आजारपणासाठी ठेवले आहेत. पेन्शन धरून महिन्याचे चौदा हजार होतात. घर स्वतःचं आहे, मुलीचं लग्न झालं आहे, आमचं भागतं. पण हे सगळं त्या खिडकीवरच्या बाई भल्या होत्या म्हणून.

आरोग्याचंही तसंच. कंपनीचा गट विमा ३१ मेला संपला. आयुष्मानची पाच लाखांची वय वंदना सोय सत्तर वर्षांपासून पुढे आहे. मधली दहा वर्षं माणसानं काय करायचं? साठीत नवी पॉलिसी घ्यायला गेलं तर हप्ता ऐकून माणूस उठून येतो. स्वतःची पॉलिसी पन्नाशीतच काढायला हवी होती, हे मला साठाव्या वर्षी समजलं. माझ्या शेजाऱ्याचं प्रकरण तर फार जिव्हारी लागण्यासारखं आहे. तो निवृत्त होईपर्यंत ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत होता. किमान पाच वर्षं विमाधारक राहून निवृत्त झालेल्या कामगाराला वर्षाला फक्त १२० रुपये भरून स्वतःचे आणि पत्नीचे उपचार सुरू ठेवता येतात. हे त्याला तीन वर्षांनी कळलं. तोवर पत्नीच्या साखरेच्या औषधांपायी त्यानं एक एफडी मोडली होती. ही सोय तुमच्याच खात्याची आहे.

आता पैशापलीकडचं. निवृत्तीनंतरच्या पहिल्या दिवशी पत्नीनं सवयीनं माझा तीनपुडी डबा भरून ठेवला. आम्ही दोघांनी तो दुपारी साडेबाराला, कंपनीच्या जेवणाच्या सुट्टीच्या वेळी, अंगणातल्या कडुनिंबाखाली बसून खाल्ला. मला ते गोड वाटलं. पण प्रत्येकाचं तसं होत नाही. आमचा एक क्रेन ऑपरेटर जवळजवळ सहा महिने रोज सकाळी सव्वासहाला प्रतापनगरच्या चौकात जाऊन उभा राहायचा. कंपनीची बस यायची, आतली पोरं हात दाखवायची, बस निघून जायची. मग तो हळूहळू घरी यायचा. घरच्यांना वाटायचं फिरायला जातो. चौतीस वर्षं भोंग्यावर चाललेल्या माणसाला एका संध्याकाळी सांगायचं की आता वेळ तुझा, आणि तो कसा घालवायचा याबद्दल एक अक्षर बोलायचं नाही, हे मला बरोबर वाटत नाही.

मी स्वतः आठवड्यातून दोन सकाळी ओळखीच्या एका वर्कशॉपमध्ये जातो. नुकत्याच आयटीआय झालेल्या पोरांना मापं घ्यायला शिकवतो. पोरं मायक्रोमीटरचं थिंबल आवळतात आणि माप चुकवतात. मी त्यांचा हात धरून मागच्या रॅचेटवर नेतो. तीनदा टिक वाजलं की थांब, म्हणतो. त्या पोराच्या चेहऱ्यावर ते उमटतं तेव्हा मला माझी चौतीस वर्षं वाया गेली नाहीत असं वाटतं. आयटीआय तुमच्या खात्याकडे नाहीत, मला कल्पना आहे. तरी मंत्रिमंडळात शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्यांशी बोलून निवृत्त कारागिरांना तिथं आठवड्यातले चार तास देता आले, थोडं मानधन देता आलं, तर त्या क्रेन ऑपरेटरला उभं राहायला चौकापेक्षा चांगली जागा मिळेल.

माझी मागणी सांगतो. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी निवृत्तिवेतन विभाग निवृत्तीपूर्व समुपदेशनाच्या कार्यशाळा घेतो. कारखान्यातल्या कामगारासाठी तसं का नाही? यंत्रणा नवी उभारायला नको. भविष्य निर्वाह निधी संघटनेची 'निधी आपके निकट' शिबिरं दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्याजिल्ह्यात होतात. प्रत्येक सभासदाची जन्मतारीख तुमच्या संगणकात आहे. पेन्शनच्या वयाला एक वर्ष उरलं, म्हणजे सत्तावन्नावा वाढदिवस झाला, की त्याला आणि त्याच्या जोडीदाराला, दोघांनाही, शिबिराला बोलवा. जोडीदार हवाच, कारण आमच्या घरात पैसा जपणारी तीच असते आणि तिला कोणी काही विचारत नाही. हिंगणा आणि बुटीबोरीला तर कारखान्यातच जा, शिफ्ट सुटायच्या वेळी. पेन्शन पुढे ढकलायची सोय, पीएफ ठेवून देण्याची मुभा, पोस्टातल्या योजना, ईएसआयचे १२० रुपये, ऑनलाइन फसवणूक झाली तर लावायचा १९३० हा नंबर, हे सगळं एका कागदावर मराठीत छापून हातात द्या. हा कागद कोणत्याही बँकेला किंवा विमा कंपनीला वाटू देऊ नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

सध्या हे काम आम्ही तिघं निवृत्त लोक हिंगणा रोडवरच्या एका चहाटपरीवर करतो. महिन्याला दोन-चार जण येतात, प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन. कोणाच्या आधारवर पत्नीचं नाव वेगळं, कोणाची जन्मतारीख चुकलेली. आम्ही फॉर्म वाचून दाखवतो, वहीत हिशेब मांडून देतो. आमचंही ज्ञान तोकडं आहे, नियम बदलतात, आम्ही चुकू शकतो. म्हणून तुमचा माणूस हवा.

येत्या ३१ मेला माझ्याच टूलरूममधले तिघं निवृत्त होताहेत. त्यातल्या एकाचं पासबुक मी परवाच बघितलं. त्याला बावीस लाख मिळतील, त्याच्या दोन मुली लग्नाच्या आहेत आणि पत्नीला अजून यातलं काहीच माहीत नाही. बँकेचा माणूस त्याच्या घरी पोहोचायच्या आधी तुमचा माणूस पोहोचावा.

आपला,
ईपीएस-९५ चा एक पेन्शनर,
जयताळा, नागपूर