नाथाभाऊंवरून अबोला

पीटरबरो, इंग्लंड

तीर्थरूप आप्पांना आणि आईला शिरसाष्टांग नमस्कार.

आई फोनवर म्हणाली, तुमचा आणि नानांचा, दोघा भावांचा, अबोला अजून सुटलेला नाही. पाण्याची पाळीसुद्धा आता सालदाराच्या तोंडून ठरते म्हणे. कारण काय, तर नाथाभाऊ, म्हणजे एकनाथ खडसे. तुम्ही कमळ सोडलं नाही, आणि नाना २०२०च्या ऑक्टोबरात खडसेंच्या मागोमाग राष्ट्रवादीत गेले. फोनवर तुम्ही मला बोलू द्यायचे नाहीत, म्हणून लिहिते.

नाथाभाऊ साधा माणूस नव्हे, हे मला कोणी सांगायला नको. कोथळीचा सरपंच १९९०ला एदलाबादमधून, म्हणजे आताच्या मुक्ताईनगरमधून, आमदार होतो आणि तेव्हापासून सलग सहा वेळा निवडून येतो, ते काही नुसत्या लेवा समाजाच्या मतांवर जमत नाही. युतीच्या पहिल्या सरकारात अर्थ आणि पाटबंधारे खातं, २००९पासून विरोधी पक्षनेता. ती पाच वर्षं तर मी तुमच्या ओट्यावरच अनुभवली. अधिवेशन सुरू झालं की पेपर आधी तुमच्या हातात. दोरीनं बांधलेला चष्मा, बोट रकान्यावर, आणि भाऊंनी सरकारला कसं धरलं ते अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात. वरणबट्टी गार व्हायची. समोर बसून मान डोलावणारे नानाच असायचे.

नाना म्हणतात, पक्ष यांनी वाढवला, शिवसेनेशी युती तुटल्याचं सांगायची वेळ आली तेव्हाही यांनाच पुढं केलं, आणि मुख्यमंत्री झाले दुसरेच. तुम्ही म्हणता, पक्षापेक्षा मोठं कोणी नाही. दोघांचंही बरोबर धरू. पण मजा अशी की भोसरीचं नाव तुम्हा दोघांच्याही तोंडी येत नाही. नानांचं समजू शकते. तुमचं काय? तुम्ही तर विरोधातले! मला वाटतं, माणूस सोडला तरी त्याच्यावरचा तुमचा जीव सुटलेला नाही.

म्हणून मीच नाव घेते. पुण्याजवळ भोसरीत तीन एकर जमीन. आमची आहे, असं एमआयडीसीचं म्हणणं. २०१६त तिची खरेदी झाली पावणेचार कोटींना, नावं कोणाची, तर भाऊंच्या बायकोचं आणि जावयाचं. घरचा माणूस तेव्हा राज्याचा महसूल मंत्री. त्या जूनमध्ये राजीनामा. पुढं लाचलुचपतवाल्यांनी काही सापडलं नाही असा अहवाल दिला, मग ईडी आली, २०२१ला जावयाला अटक झाली. भाऊ म्हणतात, मी काही गैर केलं नाही. दोषी आहेत की नाहीत ते कोर्ट ठरवेल, मी कोण? पण आपल्या गावच्या तलाठ्यानं सरकारी वादातली जमीन बायकोच्या नावावर घेतली असती, तर तुम्ही दोघं भाऊ मिळून तहसीलवर मोर्चा नेला असता की नाही?

मी राहते त्या गावचं सांगते. इथल्या खासदार होत्या फियोना ओनासान्या. गाडी जास्त वेगात गेली आणि चालवत कोण होतं यावर त्या खोटं बोलल्या. एवढ्यावरून २०१९च्या जानेवारीत तीन महिन्यांची कैद. इथं २०१५चा कायदा आहे. खासदाराला अशी शिक्षा झाली आणि मतदारसंघातल्या दहा टक्के मतदारांनी सहा आठवड्यांत सह्या केल्या, की जागा रिकामी. पीटरबरोत सत्तावीस टक्क्यांहून जास्त सह्या झाल्या. मे उजाडता उजाडता बाई घरी! जूनच्या पोटनिवडणुकीत जागा गेली कोणाला? ज्या पक्षाच्या तिकिटावर त्या आल्या होत्या त्यालाच. इथले लोक काही साधू नाहीत, आमच्या गल्लीत रोज कोणीतरी दुसऱ्याच्या दारापुढं गाडी लावतो. पण पक्ष ठेवला आणि बाई बदलली. आपल्याकडे असा कायदा आमदाराला नाही, तर तोवर निदान ओट्यावर तरी हिशोब विचारावा.

आणि तुमचं भांडण ज्यांच्यापायी, त्यांच्या घरात बघा. सून रक्षाताई भाजपच्या खासदार, २०२४पासून केंद्रात राज्यमंत्री. मुलगी रोहिणीताई २०१९ला भाजपकडून दोन हजारांच्या आत मतांनी पडली, २०२४ला शरद पवारांच्या पक्षाकडून पुन्हा पडली, दोन्ही वेळा चंद्रकांत पाटलांकडूनच. स्वतः भाऊ विधान परिषदेत. त्याच वर्षी, लोकसभेच्या तोंडावर, मी भाजपात परत जातोय असंही सांगून झालं. ते गेले असते, तर नानांनी काय करायचं होतं? पुन्हा तुमच्या मागं यायचं?

एका घरात दोन पक्ष सुखानं नांदतात, आणि आपल्याकडे एका विहिरीवर दोन भाऊ तोंड फिरवून उभे.

कांदेबागाच्या केळीच्या रोपांचे पैसे उद्या टाकते. ड्रिपच्या नळ्या या वर्षी बदलाच, आणि त्या नानांच्या वाटणीच्याही धरून मागवा. एकत्र घेतल्या तर दुकानदार भाव कमी करतो. हे पत्र त्यांना वाचायला द्या. चिडले तर मला फोन करायला सांगा, तुमच्याकडं दुपार झाली की मी उठलेली असते.

तुमची,
माई