मशीनने सांगितलं म्हणून माणूस चोर ठरू नये

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

1 जुलै 2024 ला नवीन फौजदारी कायदे लागू झाले तेव्हापासून डिजिटल पुराव्याबद्दल आपल्या पेपरात बऱ्याचदा छापून येतं, पोलिसांनी मोबाईल कसा जप्त करायचा, पंचनाम्याचा व्हिडिओ कसा काढायचा, हॅश व्हॅल्यू (फाईलचा डिजिटल ठसा) कशी घ्यायची वगैरे. वाचून बरं वाटतं, निदान या विषयावर बोलणं तरी सुरू झालं. पण मी पुण्यात बँकिंग सॉफ्टवेअरच्या सपोर्टमध्ये काम करतो आणि या सगळ्या चर्चेत एक गोष्ट कुणीच काढत नाही, सॉफ्टवेअरचा आकडाच मुळात चुकीचा असला तर काय, म्हणून हे पत्र लिहितोय, थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आधी इंग्लंडचं सांगतो, कारण तिथे जे झालं ते प्रत्येक वकिलाने आणि प्रत्येक सॉफ्टवेअरवाल्याने वाचायलाच पाहिजे असं माझं ठाम मत आहे. तिथल्या पोस्ट ऑफिसने 1999-2000 च्या सुमारास सगळ्या शाखांमध्ये होरायझन नावाचं सॉफ्टवेअर बसवलं, बनवणारी कंपनी फुजित्सू. गावोगावी छोटी पोस्टं चालवणारे जे सबपोस्टमास्तर असतात ते पोस्टाचे पगारी नोकर नसतात, करारावर काम करतात, बऱ्याच जणांचं शेजारी स्वतःचं दुकान असतं, आणि करारात लिहिलेलं की तुमच्या चुकीने किंवा हलगर्जीने तूट आली तर ती तुम्ही भरायची. प्रत्यक्षात मात्र तूट कशामुळे आली ते न बघता सरसकट भरून घेतली जायची. झालं असं की सॉफ्टवेअर बसल्यावर ठिकठिकाणी हिशोबात पैसे कमी दिसायला लागले. लोक हेल्पलाईनला फोन करायचे तर तिकडून सांगायचे की असा प्रॉब्लेम फक्त तुम्हालाच येतोय, बाकी कुणाची तक्रार नाही. हे एकाला नाही, शेकडो लोकांना सांगितलं गेलं.

हॅम्पशायरमधल्या साउथ वॉर्नबरो गावच्या जो हॅमिल्टन बाईंचं उदाहरण घ्या. स्क्रीनवर 2,000 पौंडांची तूट दिसली म्हणून त्यांनी हेल्पलाईनला फोन लावला, तिकडून जी बटणं दाबायला सांगितली ती दाबली, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत 2,000 चे 4,000 झाले! पुढे हा आकडा वाढत वाढत 36,000 वर गेला, बाईंनी घर गहाण टाकलं, गावकऱ्यांनी वर्गणी काढून पैसे जमवले, आणि चोरीच्या आरोपात जेल होईल या भीतीने त्यांनी खोटे हिशोब लिहिल्याचा गुन्हा कबूल केला. एक पैसा घेतला नव्हता त्यांनी.

भारतीय वंशाच्या सीमा मिश्रा वेस्ट बायफ्लीटला पोस्ट चालवायच्या, त्यांच्यावर 74,000 पौंडांच्या चोरीचा आरोप. त्यांच्या वकिलांनी सॉफ्टवेअरमधल्या दोषांची माहिती द्या म्हणून परत परत मागणी केली, पण दोषांची जी माहिती आत होती ती काही समोर आली नाही. नोव्हेंबर 2010 मध्ये, मुलाच्या दहाव्या वाढदिवसाच्या दिवशी, त्यांना 15 महिन्यांची शिक्षा सुनावली गेली, तेव्हा त्या गरोदर होत्या. बाळंतपण झालं तेव्हा पायात कैद्याचा इलेक्ट्रॉनिक टॅग होता. हे लिहिताना पण हात थांबतो. अशा 900 हून जास्त लोकांना शिक्षा झाल्या, आणि यातली बहुतेक प्रकरणं पोस्ट ऑफिसने स्वतःच कोर्टात चालवली, कारण तिथल्या कायद्याने त्यांना खाजगी फिर्यादी म्हणून खटला भरता येत होता. म्हणजे तक्रारदार तेच, तपास करणारे तेच आणि फिर्यादी पण तेच. चौकशी आयोगाच्या 2025 च्या अहवालात किमान 13 जणांनी यातून आत्महत्या केली असावी असं म्हटलंय.

आता यात कायद्याचा भाग बघा, तो फार महत्त्वाचा आहे. इंग्लंडमध्ये 1984 च्या कायद्यात कलम 69 होतं, कॉम्प्युटरचा पुरावा द्यायचा तर कॉम्प्युटर नीट चालत होता हे आधी दाखवा असं सांगणारं. मग विधी आयोग म्हणाला की ही अट फार जाचक आहे, प्रत्येक साध्या प्रिंटआऊटसाठी कशाला एवढा खटाटोप, आणि 1999 च्या कायद्याने ते कलम काढून टाकलं. तेव्हापासून गृहीतक असं की कॉम्प्युटर बरोबर चालतोय, चूक आहे असं म्हणायचं असेल तर तुम्ही दाखवा. अगदी त्याच सुमाराला होरायझन शाखाशाखांत बसत होतं. आता गावातली दुकानदार बाई कुठून दाखवणार, तिच्याकडे ना सोर्स कोड (मूळ प्रोग्रॅम), ना लॉग (सिस्टीमने आत काय केलं त्याच्या नोंदी), ना सर्व्हरचा ॲक्सेस. तिच्यासमोर फक्त स्क्रीन आणि स्क्रीनवर लाल आकडा.

आणि कंपनीकडे सगळं होतं हो. फुजित्सूकडे माहीत असलेल्या दोषांची चक्क एक यादी होती, नोन एरर लॉग. आमच्याकडे पण असते, प्रत्येक सपोर्ट टीमकडे असते, त्याशिवाय काम चालतच नाही. शाखेच्या हिशोबात शाखेला न कळता बाहेरून एन्ट्री टाकता येत होती, पोस्ट ऑफिस वर्षानुवर्षं नाही नाही म्हणत राहिलं आणि शेवटी कबूल करावं लागलं. 2013 मध्येच त्यांच्या बाजूच्या एका वकिलाने लेखी सल्ला दिलेला की आपला जो तांत्रिक साक्षीदार खटल्यांमध्ये उभा राहत होता त्याला माहीत असलेले दोष त्याने कोर्टाला सांगितले नाहीत, त्याच्या साक्षीवर आता विसंबता येणार नाही. तरी सीमा मिश्रा, जो हॅमिल्टन आणि इतर मिळून 39 जणांच्या शिक्षा रद्द व्हायला एप्रिल 2021 उजाडलं. त्याआधी ॲलन बेट्स या सबपोस्टमास्तरांसह 555 जणांनी दिवाणी दावा लढवला, डिसेंबर 2019 मध्ये न्यायमूर्ती फ्रेझर यांनी निकालात स्वच्छ लिहिलं की जुन्या होरायझनवर भरवसा ठेवावा असं ते नव्हतंच, आणि पोस्ट ऑफिसची भूमिका म्हणजे या शतकात पृथ्वी सपाट आहे म्हणण्यासारखी आहे. तेवढ्यानेही भागलं नाही, 2024 मध्ये संसदेला खास कायदा करून उरलेल्या शिक्षा सरसकट रद्द कराव्या लागल्या.

तो फ्रेझर साहेबांचा निकाल मी सवडीने वाचलाय, त्यात डलमेलिंग्टन या शाखेच्या नावाने ओळखला जाणारा एक बग, म्हणजे सॉफ्टवेअरमधला दोष, आहे. स्कॉटलंडमधल्या त्या शाखेत 8,000 पौंडांची कॅश आल्याची नोंद करताना स्क्रीन अडकली, माणसाने परत एंटर दाबलं, परत दाबलं, आणि प्रत्येक वेळी आत गुपचूप नवीन नोंद होत गेली, शेवटी 24,000 ची तूट! आमच्या धंद्यातला कुठलाही माणूस हे वाचून लगेच मान डोलवेल कारण हा प्रकार आम्ही सगळ्यांनी बघितलाय. नेटवर्क अडकतं, समोरून उत्तर येत नाही, सिस्टीमला वाटतं एन्ट्री गेलीच नाही म्हणून ती परत पाठवते, आणि पहिली तर आधीच पोचलेली असते, झाली डबल पोस्टिंग. एका क्लायंटच्या शाखेत असंच झालेलं, कॅशियरच्या नावावर तूट दिसत होती, मॅनेजरने त्याला सरळ सांगितलं खिशातून भर आणि विषय संपव, आणि त्याने भरले पण होते. आमच्याकडे तिकीट (म्हणजे तक्रारीची नोंद) आलं ते भलत्याच शाखेतून, त्याचं मूळ शोधताना याची पण एन्ट्री सापडली. तिकीट बंद करताना कारण लिहिलं गेलं डुप्लिकेट पोस्टिंग, डेटा पॅच मारला, म्हणजे आतून एन्ट्री दुरुस्त केली, संपलं. हा कागद त्या कॅशियरला कधी दाखवला गेला का, कुणीच विचारलं नाही. त्याच्यावर त्या काळात केस झाली असती तर आमच्या तिकिटाची माहिती त्याच्या वकिलाला कशी मिळाली असती? मला तरी रस्ता दिसत नाही.

आता आपल्याकडचा कायदा. डिजिटल पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्या असं सांगणारं कलम जुन्या एव्हिडन्स ॲक्टमध्ये 65ब होतं, आता भारतीय साक्ष अधिनियमात कलम 63 आहे. आपल्या जालन्याचीच केस यात देशभर गाजली, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल, 2014 च्या विधानसभेला उमेदवारी अर्ज वेळेत भरला का नाही यावर निवडणूक कार्यालयातल्या व्हिडिओची सीडी पुरावा म्हणून आली आणि प्रमाणपत्राशिवाय ती चालेल का हा वाद थेट सुप्रीम कोर्टात गेला. 2020 मध्ये कोर्टाने सांगितलं, मूळ यंत्रच कोर्टात आणून दाखवणार नसाल तर प्रमाणपत्र पाहिजेच. चांगलं झालं. नव्या कायद्यात त्या प्रमाणपत्राचा नमुनाच दिलाय, भाग अ पुरावा देणाऱ्याने भरायचा, भाग ब तज्ज्ञाने, त्यात हॅश व्हॅल्यू लिहायची, आणि कॉम्प्युटर त्या काळात नीट चालत होता असं पण म्हणायचं. बँकांच्या प्रिंटआऊटसाठी 1891 चा वेगळा कायदा आहे, त्यातही 2000 नंतर असंच प्रमाणपत्र लागतं.

पण माझा मुद्दा इथेच आहे. हॅश काय सांगते, की ही फाईल घेतल्यापासून बदललेली नाही, बस एवढंच. चुकीच्या एन्ट्रीची हॅश पण तेवढीच सुंदर निघते. पोत्याला लाखेचं सील लावलं म्हणून आतला गहू किडका नाही असं होत नाही ना. आणि "कॉम्प्युटर नीट चालत होता" ही ओळ, ती छापील आहे, सही करणारा ती वाचून सही करतो, त्याने त्या काळातली तिकिटं बघितली का, लॉग बघितले का, बाहेरून कुणी डेटाला हात लावला का हे विचारलं का, यातलं काहीच त्याला कागदावर लिहावं लागत नाही. आमच्या क्षेत्रात "सर्व्हर चालू होता" आणि "हिशोब बरोबर होता" या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत, मॉनिटरिंगच्या स्क्रीनवर सगळं हिरवं असताना आत डबल पोस्टिंग होत असतं. कोर्टात मात्र दोन्ही एकाच ओळीत बसवतात.

हे फक्त बँकांपुरतं नाही. एसटीच्या कंडक्टरला मशीनमध्ये जेवढं दिसतं तेवढं डेपोत भरावं लागतं. रेशन दुकानात ई-पॉसवर अंगठा उमटला की धान्य दिलं अशी नोंद होते. खेड्यात बँक मित्र असतो, टपाल खात्याचा ग्रामीण डाक सेवक असतो, बचत गटाच्या ताई हप्ते मोबाईलवर भरतात. या सगळ्यांच्या हातात सरकारने किंवा बँकेने दिलेलं मशीन आहे आणि तूट आली की संशय पहिला त्यांच्यावर. त्यांच्यात खरोखर पैसे खाणारे पण असतात, मी नाही म्हणत नाही, अपहाराच्या केसेस खऱ्या पण निघतात आणि त्यांना शिक्षा झालीच पाहिजे. पण ज्याने नाही खाल्ले त्याने स्वतःला सोडवायचं कसं, ज्या सॉफ्टवेअरची एक फाईल पण त्याला उघडता येत नाही त्याच्याविरुद्ध?

उपाय फार अवघड नाहीयेत असं मला सपोर्टमधला माणूस म्हणून वाटतं. ज्याचं सॉफ्टवेअर आहे आणि जो त्याच्या आकड्यावर दुसऱ्याला आरोपी करतोय त्याच्यावरच जबाबदारी टाका, त्याने प्रमाणपत्रासोबत त्या काळातली त्या मॉड्यूलची (सॉफ्टवेअरच्या त्या भागाची) सगळी तिकिटं द्यावीत, उघडी पण आणि बंद पण, बॅकएंडवरून केलेल्या प्रत्येक डेटा पॅचची नोंद द्यावी, कुणाकुणाला लांबून ॲक्सेस होता ते द्यावं. हे सगळं आमच्याकडे असतं, ऑडिटला देतोच की, एका दुपारचं काम आहे. गोपनीयतेचं कारण सांगतील, ग्राहकांची नावं झाकून द्या मग. न्यायाधीशांना कोडिंग यायची गरज नाही, पण "अशी तक्रार आणखी किती शाखांमधून आली होती" हा साधा प्रश्न कुणालाही विचारता येतो, आणि इंग्लंडमध्ये तो 2000 सालीच कोर्टात विचारला गेला असता आणि खरं उत्तर मिळालं असतं तर कित्येक घरं वाचली असती. इंग्लंडने पण ते जुनं गृहीतक ठेवायचं का यावर जानेवारी 2025 मध्ये लोकांकडून मतं मागवली, म्हणजे एवढी वर्षं गेल्यावर गाडी परत कलम 69 च्याच प्रश्नापाशी आली.

माझ्या क्षेत्रातल्या पोरापोरींना पण सांगायचंय, तिकीट बंद करताना घाईत "युजर एरर" लिहून मोकळं होऊ नका. मूळ कारण सापडलं नसेल तर सापडलं नाही असंच लिहा. मॅनेजर डॅशबोर्ड बघून बोलेल, बोलू दे. तो शेरा उद्या कुणाच्या तरी आरोपपत्राला जोडला जाईल आणि समोर उभ्या असलेल्या माणसाला तुम्ही कोण, तुम्ही ते का लिहिलं, काही म्हणजे काही माहीत नसेल.

संपादक साहेब, आपल्याकडे एक विनंती. अमुक पतसंस्थेच्या कॅशियरला, तमुक डाक सेवकाला अपहारात अटक अशा बातम्या आतल्या पानावर रोज असतात, आकडा नेहमी पोलिसांच्या प्रेसनोटमधून आलेला असतो आणि प्रेसनोटमध्ये तो सिस्टीममधून आलेला असतो. अशी बातमी घेताना वार्ताहराने दोन गोष्टी विचाराव्यात, ही तूट हातात नोटा मोजून निघाली का फक्त सॉफ्टवेअरच्या रिपोर्टवरून, आणि त्या काळातले लॉग आरोपीच्या वकिलाला दिलेत का. उत्तर मिळालं तर ते छापा, नाही मिळालं तर नाही मिळालं असं छापा.

आपला नियमित वाचक,
बँकिंग सॉफ्टवेअर सपोर्टमधला एक कर्मचारी, पुणे